शिवू नये अशी बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेली. कोल्हारच्या मालनबाईंनी मला बाजारातून आणले तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. बैलगाडीतून येताना त्यांनी मला मांडीवर धरले होते. तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे.

माझा थाट मोठा होता. पाळी आलेल्या बाईने मला शिवायचे नाही, नाहीतर लोणचे नासते, असा घरचा नियम. खरे सांगते, मला तो फार आवडायचा. शेजारच्या तेलाच्या किटलीला कुणी एवढे मानत नव्हते! सून रेश्माची पाळी असली की मालनबाई लोणचे काढायच्या. त्यांची स्वतःची पाळी केव्हाच थांबली होती.

गेल्या वर्षी मात्र त्या मला हात लावेनाशा झाल्या. "रेश्मा, तूच काढ गं, माझा हात दुखतोय," म्हणायच्या. त्याच हाताने टोपलीभर भाकरी थापायच्या! मी रुसले. मला वाटले, आता आपण नकोशा झालो.

एके दिवशी रेश्माची पाळी होती. नात दिशा ताटावर बसली आणि म्हणाली, "आजी, लोणचं दे ना."

"आज तसंच खा."

"आई शिवत न्हाई. तू तरी काढ की!"

मालनबाईंनी मान खाली घातली. रेश्मा त्यांच्याकडे बघतच राहिली. दिशा शाळेत गेल्यावर ती सासूच्या जवळ सरकली.

"आत्या, खरं सांगा. तुमालाबी अडचन हाय का?"

मालनबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "पाळी परत आलीया गं. लई दिस झालं. या वयात कुनाला सांगू? लोक हसतील."

रेश्मा तडक गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेली आणि भारती सिस्टरना घेऊन आली. "मावशी, थांबलेली पाळी अशी परत येत न्हाई," त्या म्हणाल्या. "हे अंगावर काढू नका. उद्याच मोठ्या दवाखान्यात जा."

तिथे तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. त्या रात्री घरात कुणी जेवले नाही. मालनबाई एकच विचारत होत्या, "मी कुनाचं काय वाईट केलं हुतं?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी त्यांचा हात हातात घेतला. "काही न्हाई केलं, मावशी. एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. नवराबायकोच्या संबंधातून येतो. बहुतेकांना कधी ना कधी येतो आन आपोआप जातो. एखादीच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं मुक्काम करतो आन तिथल्या नाजूक त्वचेत हा रोग धरतो. यात पाप न्हाई."

मालनबाईंचा मुलगा श्रीमंत दारात मोबाईलमध्ये डोके घालून उभा होता. सिस्टर त्याला म्हणाल्या, "दादा, तुमीबी ऐका. बाप्यांनाबी अवघड जागी याच्यामुळं कॅन्सर होतो." श्रीमंतने मोबाईल खिशात टाकला आणि आईच्या पायाशी येऊन बसला.

मग मालनबाई उपचारांसाठी गेल्या. फळीवर बसून मला त्यांच्या हाताची फार आठवण यायची. माझ्या थाटापायी त्या कुढत बसल्या, हे कळल्यावर तर मला माझीच लाज वाटली. त्या परतल्या तेव्हा बांगड्या सैल झाल्या होत्या, पण रोग आवाक्यात आला होता. डॉक्टर अजून तपासायला बोलावतात. रेश्मानेही आपली तपासणी करून घेतली. दिशाला लस दिली. हा विषाणू अंगात यायच्या आधीच ती घ्यायची असते.

यंदा कैऱ्या आल्या. मालनबाई मला पुढ्यात घेऊन फोडी भरत होत्या. दिशा उंबऱ्याबाहेरच थांबली. "आजी, मला आज शिवायचं न्हाई ना?"

मालनबाईंनी तिला हाताला धरून आत घेतले आणि पळी तिच्या हातात दिली. "शीव. पार तळापासनं हलव."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या आत्मकथेच्या शेवटी 'आम्हाला जपा' असे सांगतात. मी तसे सांगणार नाही. मी फुटले तर बाजारात दुसरी बरणी मिळेल. पण तुमच्या घरातले कुणी रोजचे काम गुपचूप सोडून देत असेल, तर जवळ बसा आणि मायेने विचारा.

आणि हो, लोणचे नासलेले नाही. छान मुरले आहे.