मान वळवायची नाही

"लॅपटॉप उचल आणि हळूहळू फिर. हं, टेबलाखाली दाखव. आता दारामागे."

पडद्यावरची मुलगी लॅपटॉप दोन्ही हातांत धरून स्वतःभोवती फिरली. ताईला आधी भिंत दिसली, मग खुंटीवरचे कपडे, मग शेगडी आणि पालथी घातलेली दोन पातेली. शेवटी एक पडदा दिसला. पडद्याखालून खाटेचे पाय आणि माणसाची पावलं डोकावत होती.

"ते कोण आहेत?"

"आजोबा."

"खोलीत दुसरं माणूस चालत नाही, बाळा. नियम वाचलेस ना?"

"वाचले. पण ते मला काय सांगणार हो? त्यांना आपण जेवलो की नाही, हेसुद्धा आठवत नाही."

"दुसऱ्या खोलीत बसव त्यांना."

"दुसरी खोली नाहीये."

ताईने कानावरचा हेडफोन जरा सैल केला. त्याच्या गाद्या आधीच्या पाळीतल्या कुणाच्या तरी घामाने चिकट झाल्या होत्या. ती रोज त्या पुसायची आणि रोज तिला शिसारी यायची. हॉलमध्ये चाळीस माणसं अशीच हेडफोन घालून बसली होती. प्रत्येकासमोर बारा चौकोन, चौकोनात परीक्षा देणारं एकेक मूल. कुठल्या देशातलं कोण, हे चौकोनावर लिहिलेलं नसायचं. ज्याची जी भाषा, तिची मुलं त्याच्याकडे, एवढाच हिशेब. परीक्षा समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाची होती. पास झालं की शिकणं, राहणं, खाणं सगळं फुकट. भिंतीवर त्या विद्यापीठाचं भलंमोठं पोस्टर होतं: 'आमचं दार जगातल्या प्रत्येकासाठी उघडं आहे.' त्याच्याच खाली नियमांचा कागद चिकटवलेला, आणि त्यातला पहिला नियम असा, की परीक्षार्थीच्या खोलीला दार हवं आणि ते बंद हवं.

ताईने मुलीचा अर्ज पुन्हा पाहिला. वयाची मर्यादा याच वर्षी संपत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

"बाहेर जिन्यापाशी जागा आहे?"

"आहे."

"तिथे खुर्ची टाक. आठ मिनिटं आहेत तुला. पळ."

मुलगी पळाली. रिकाम्या चौकोनात खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, मग मुलीचा समजावणीचा सूर. 'आजोबा, इथेच बसायचं. उठायचं नाही. माझा पेपर आहे.' म्हातारा दर वेळी 'बरं' म्हणत होता आणि लगेच विचारत होता, 'कुठे चाललीस छकुले?' सातव्या मिनिटाला मुलगी धापा टाकत परत आली. तिने दार लावलं, कडी घातली आणि कॅमेऱ्याला दाखवली.

इथवर सगळं नियमात होतं. पुढचं ताई आपल्या जबाबदारीवर बोलली. ठरवून दिलेल्या वाक्यांपलीकडे परीक्षार्थीशी बोलायचं नाही, बोललं तर त्याच दिवशी घरी, हे तिला पाठ होतं. पण वीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईची जीभ गप्प राहत नाही.

"हे बघ, बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. मान वळवायची नाही. नजर दाराकडे गेली की हे यंत्र लगेच नोंद करतं. तिसऱ्या नोंदीला पेपर बंद. काही झालं तरी समोरच बघायचं. कळलं?"

मुलीने मान हलवली, आणि मग जणू तेवढंसुद्धा हलायला नको होतं म्हणून ताठ बसली.

त्या यंत्राला, म्हणजे मुलांवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामला, हॉलमधली माणसं सासू म्हणायची. सगळं ठीक असलं की चौकोनाची कड हिरवी. मूल इकडेतिकडे बघू लागलं की पिवळी. पेपर गेला की लाल. 'आज सासूचं डोकं फिरलंय,' असं कुणी म्हटलं की चहाच्या वेळी हशा व्हायचा. ताईही हसायची. आज मात्र पेपर सुरू झाल्यापासून तिचं लक्ष त्या एकाच कडेवर होतं.

पाऊण तास बरा गेला. मग हेडफोनमध्ये लांबून हाक आली.

"छकुले!"

मुलीची बोटं थांबली. नजर हलली नाही. बोटं पुन्हा चालू लागली.

"छकुले, अगं कुठे गेलीस? ए!"

कड हिरवी. ताईने सोडलेला श्वास शेजारच्यालासुद्धा ऐकू गेला असावा. शाबास, ती मनात म्हणाली. अशीच बस, हलू नकोस.

मन दुसरीकडे वळावं म्हणून तिने चौथ्या चौकोनाकडे पाहिलं. तिथे एक मुलगा बसला होता. मागे छतापर्यंत पुस्तकांचं कपाट, कपाटाला काचा. खोली मोठी, दार भक्कम. मुलगा सरळ समोर बघून भराभर लिहीत होता. फारच सरळ. शाळेत असताना ताई पोरांच्या नुसत्या खांद्यांवरून कॉपी ओळखायची. तिने चित्र मोठं केलं. कपाटाच्या काचेत दोन गुडघे दिसले, इस्त्रीच्या पँटमधले. गुडघ्यांवर पांढरी पाटी, आणि पाटीवर उत्तर लिहिणारा एक हात. कुणीतरी मोठं माणूस कॅमेऱ्याच्या मागे पाटी धरून आरामात बसलं होतं. लिहून झालं की पुसत होतं आणि पुढचं लिहीत होतं.

तिने हॉलप्रमुखाला हात केला. तो पोरगेलाच होता, वयाने तिच्या विद्यार्थ्यांत शोभला असता. तोंडातली पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेत तो तिच्या खुर्चीवर रेलला.

"सर, काचेत बघा. कुणीतरी सांगतंय त्याला."

"कड हिरवी आहे ना?"

"आहे. पण बघा ना जरा, चक्क पाटीवर लिहून—"

"ताई, हिरवी म्हणजे हिरवी. काचेत बघायला आपल्याला नेमलेलं नाही." तो अजून खाली वाकला. "त्याच्या शाळेची तीनशे मुलं बसतात आपल्याकडे. उगाच खाजवून खरूज काढू नका."

पेपरमिंटचा गोड वास तिच्या तोंडावर आला. तो गेल्यावर तिने पदराने गाल पुसला, जणू वास पुसला जाणार होता. शी! एखादं पोर चोरून चिठ्ठी काढतं, पकडलं की थरथरतं, रडतं. त्याची कधी किळस आली नव्हती तिला. हा तर मांडीवर पाटी घेऊन बसलेला बाप्या, चांगला शिकलासवरलेला. आणि त्याच्याभोवती कोवळ्या पानासारखी टवटवीत हिरवी कड.

"छकुले, मला घरी जायचंय गं."

मुलीच्या गालावरून पाणी ओघळलं. ते पुसायलासुद्धा तिने हात उचलला नाही. ते हनुवटीपर्यंत आलं आणि खाली पडलं. मान ताठ, डोळे समोर.

मग काठीचा आवाज आला. ठक. थोड्या वेळाने पुन्हा ठक. म्हातारा जिना उतरत होता. ताईने बोटं टेबलाच्या कडेवर घट्ट धरली. एक पायरी, दुसरी, तिसरी. पडला तर? रस्त्यावर गेला तर? आवाज लांब गेला आणि बंद झाला. मुलीचा खालचा ओठ दाताखाली पांढरा पडला होता. तरी ती लिहीत होती. अजून पस्तीस मिनिटं बाकी होती. त्या पस्तीस मिनिटांत ती पापण्यांखेरीज आणि बोटांखेरीज कुठेही हलली नाही.

वेळ संपली. सासूने बारा चौकोनांचा शेवटचा निकाल लावला. अकरा हिरवे.

मुलीचा लाल.

ताईला आधी वाटलं, आपले डोळे बिघडले. तिने कारण उघडलं. 'अनैसर्गिक स्थिरता. पडद्यावर खरी व्यक्ती नसून आधी केलेलं चित्रीकरण असल्याचा संशय.'

"सर!" ती उभीच राहिली.

हॉलप्रमुखाने वाचलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. गेल्या वर्षी काही पोरांनी स्वतःचा व्हिडिओ लावला होता. म्हणून यंदा सासूला शिकवलंय. घरात आवाज झाला की माणूस जरा तरी बघतोच. जास्तीत जास्त दोनदा बघायची सूट आहे. परिपत्रक आलं होतं की सोमवारी, नवव्या पानावर आहे."

परिपत्रक ताईच्या डब्याखाली होतं. चौथ्या पानानंतर तिने ते वाचलं नव्हतं. तिला कशाला वाचायला हवं होतं? पोरांवर नजर कशी ठेवायची, हे तिला कोण शिकवणार होतं?

"अहो, पण ती खरी आहे. मी बोललेय तिच्याशी. तिचे आजोबा बाहेरून हाका मारत होते."

"तेच तर." त्याने गोळी दाताखाली कडकन फोडली. "आजोबा हाका मारतायत आणि नातीची मान वळत नाही, असं माणूस असतं का कुठे? शेऱ्यात 'मान्य' टाका आणि मोकळ्या व्हा. पुढचे बारा थांबलेत."

तो पुढच्या रांगेकडे गेला. ताई खाली बसली. चौकोनात मुलगी अजून तशीच बसली होती. पेपर बंद झाला होता, पण ऊठ असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. लाल कड फक्त इकडे दिसत होती.

ताईने माइक सुरू केला.

"झालं, बाळा. वेळ संपली."

मुलीचे ओठ तेवढे हलले.

"आता मागे बघू का?"

"बघ."

खुर्ची उलटी पडली. कडी वाजली. जिन्यावरून धावत उतरणारी पावलं आणि 'आजोबा, आजोबा' अशा हाका लांब जात राहिल्या. ताईने हेडफोनच्या चिकट गाद्या दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरल्या. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मुलीचा आवाज वर येऊ लागला, आणि तिच्याबरोबर काठीचा.

"खाली का गेलात? सांगितलं होतं ना मी, उठायचं नाही म्हणून?"

"अगं, मी सारखा हाका मारत होतो," म्हातारा दमून बोलत होता. "मग आठवलं, तुझा पेपर आहे. म्हटलं तुला त्रास नको. म्हणून खालच्या पायरीवर जाऊन बसलो. झाला का चांगला?"

"झाला," मुलगी म्हणाली.

पडद्यावर शेऱ्याची चौकट उघडी होती. ताईने तिच्यात आधी स्वतःचा कामगार क्रमांक टाकला. मग जुन्या सवयीने, फळ्यावर लिहिताना करायची तसं शब्द पुटपुटत, लिहिलं: 'विद्यार्थिनी खरी आहे. आजोबांनी हाक मारल्यावर ती मान वळवणारच होती. वळवू नकोस असं तिला मी सांगितलं.'

तिने बटण दाबलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि डबा पिशवीत टाकला. मग पिशवीतून रुमाल काढून आधी एक कान पुसला, मग दुसरा.