गुरुजींनी नाकारलेला पारा

मी एक तापमापक. लाकडाची वीतभर पट्टी, तिच्यावर काचेची नळी आणि नळीत थोडासा पारा, एवढाच माझा देह. कारखान्यात मला बर्फात बुडवून शून्याची रेघ मारली. तेव्हापासून जेवढी उष्णता, तेवढाच आकडा. दुसरं काही मला येत नाही.

सुनीतीबाई शाळेत भूगोल शिकवायच्या, तेव्हा त्यांनी मला घेतलं. वर्गात मुलं माझ्याभोवती गर्दी करायची. बाई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्याबरोबर काशीतल्या दुर्गाघाटच्या घरी आलो. घरात आम्ही दोघंच.

बाई रोज दुपारी माझा आकडा वहीत लिहीत. एकदा जुन्या वह्या चाळता चाळता त्यांनी तेव्हाचे आणि आताचे आकडे ताडून पाहिले आणि मला बाहेर दाराशी, सावलीत टांगलं. घाटावर जाणाऱ्यांना कळावं, उन्हाळा आता पूर्वीचा राहिला नाही.

लोक वाचत आणि हसत. "काशी महादेवाच्या त्रिशूळावर आहे, तिला काय होणार?"

शेजारचे बिंदुमाधव गुरुजी घाटावर यजमानांची श्राद्धं चालवत. माणूस मायाळू. बाईंची भाजी बाजारातून तेच आणायचे. माझ्यावर मात्र त्यांचा राग. "यात्रेकरूंत फुकट घबराहट होते, ताई," असं म्हणायचे.

गेल्या जूनमध्ये साताऱ्याच्या एक आजी माझ्यापाशी थांबल्या. मी शेहेचाळीसवर होतो.

"गुरुजी, उद्या सकाळी केलं तर?"

"ते यंत्र बिघडलंय, आजी. श्राद्धाला दुपारचीच वेळ. चला."

मला हाक मारता येत नाही. नुसतं वर चढता येतं.

तासाभरानं त्याच आजी आणि त्यांचा मुलगा गुरुजींना धरून घेऊन आले. ते पायऱ्यांवर कोसळले होते. बाईंनी त्यांना उंबऱ्याशी निजवलं, अंगावर ओली चादर घातली आणि त्यांच्याबरोबर रुग्णालयात गेल्या. त्या दुपारी माझा आकडा कुणी लिहिला नाही.

दहा दिवसांनी गुरुजी घरी परतले. बाईंनी घाटावर छप्पर आणि पिण्याचं पाणी मागणारा अर्ज लिहिला होता.

"तुमची सही पहिली असली की बाकीचेही करतील."

गुरुजींनी अर्ज वाचला, घडी घालून परत दिला. "ऊन नव्हतं ते. पित्त खवळलं होतं माझं."

आता ते सकाळी आठालाच श्राद्ध उरकतात. बाईंनी विचारलं, "आणि दुपारची वेळ?"

"तीर्थावर सकाळही चालते." मग हळूच म्हणाले, "ती काच जरा आत लावा, ताई. येणारा-जाणारा ती बघतो आणि वेळ का बदलली, असं मला विचारतो."

गल्लीतलं बाईंशी बोलणारं गुरुजींचं तेवढं एकच घर. बाईंनी मला काढून आतल्या दाराच्या पाठीला लावलं. दार उघडं असलं की माझं तोंड भिंतीकडे असतं.

गुरुजी भाजी आणतात, बसतात, माझ्याकडे बघत नाहीत. त्यांचा शब्द मानणारे बाकीचे गुरुजी मात्र अजून भर दुपारी, यजमानांना घेऊन, तापलेल्या पायऱ्यांवर बसतात. बाईंच्या अर्जावर एकच सही आहे, बाईंची.

मला खुशाल बिघडलेला म्हणा, गुरुजी. नका मानू माझं. पण तुम्ही वेळ का बदललीत, तेवढं त्यांना सांगा.