पेटीची दुसरी किल्ली

सेवानिवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी नगरपालिकेचा जिना चढताना मोतीरामबाबूंचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या गुंडीकडे गेला. नवे नगराध्यक्ष गोकुळभाऊ यांनी बोलावलं होतं. नगरसेवकांच्या आणि बाबूलोकांच्या वागण्यावर नजर ठेवायला समिती नेमली जाणार होती, अध्यक्ष मोतीरामबाबू. बाबूंनी त्यासाठी चष्म्याची दांडीसुद्धा बसवून घेतली होती.

"काका, तक्रारपेटीबी पुन्हा लावतो. दोन्ही किल्ल्या माह्याजवळ. तुमाले चकरा नकोत," गोकुळभाऊ म्हणाले.

दोन किल्ल्या म्हटल्यावर बाबूंना सरस्वतीबाई आठवल्या, समोरच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. तेव्हा पेटीला दोन कुलपं असत. एक किल्ली कचेरीत, दुसरी बाईंच्या पदराला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बाई हाताचा खडू झटकत येत आणि अर्ज मोठ्यानं वाचत. त्यांचं ना नगरपालिकेत काम अडलेलं, ना नातलग चिकटलेला. त्या दिसल्या की अख्खी कचेरी कामाला लागल्यासारखी दिसे.

एका शनिवारी अर्ज निघाला खुद्द मोतीरामबाबूंवर. बायकोच्या भावाचं नळकनेक्शन त्यांनी यादीतली अकरा घरं ओलांडून पुढे सरकवलं होतं. बाईंनी आवाज तसूभरही खाली आणला नाही. सोमवारी नळ तोडला गेला. बायकोनं, पुष्पाबाईंनी, धरलेला अबोला पोळ्यापर्यंत टिकला. पण त्यानंतर बाजारात कुणी नमस्कार केला तर तो बाबूंना कामापुरता नाही, खरा वाटायचा. बाई गेल्यावर पेटीही निघाली, आणि तसे नमस्कार पुढे कमीच झाले.

"दुसरी किल्ली बाहेरच्या माणसाजवळ पाह्यजे," बाबू म्हणाले.

"मंग तुमीच ठेवा."

"मी कायचा बाहेरचा? माहा पोरगा प्रज्वल तुमच्याच कर विभागात हाय. किल्ली केसरबाईले द्या, अध्यक्षबी तिलेच करा. रिटायर नर्स."

"थे बाई पयला अर्ज माह्यावरच टाकीन. माह्या ओट्याखाली नाली दबली म्हून वरसभर भांडून राह्यली."

"दबली का नाही?"

"दबली," गोकुळभाऊ हसले. "अन् उद्या समिती मले जड झाली तं?"

"तुमाले काढता येऊ नये. सभेनंच काढावं. तसा ठराव करा."

गोकुळभाऊंनी टेबलाखालून पितळी पाटी काढली. तिच्यावर बाबूंचं नाव कोरून झालं होतं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते कुठल्याच दारावर लागलं नव्हतं. बाबूंनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, जरा जास्तच वेळ.

"घासून काढा," ते म्हणाले.

"काका, तुमी पाटीबी घालवली अन् माहा ओटाबी," गोकुळभाऊ म्हणाले, आणि ठरावासाठी कागद पुढे ओढला.