मॅच कुणी मॅनेज केली?

अगं, मधी बोलू नको, नुसतं ऐक!

गारखेड्याच्या मैदानावर कबड्डीची फायनल. फुलंब्रीनं सिल्लोडला एका गुणानं पाडलं, सिल्लोडची पोरं आधीच लालबुंद. पंच लक्ष्मणसर. मॅचच्या दिवशी कुणाचा चहासुद्धा न घेणारा माणूस! आन् राज्याच्या स्पर्धेसाठी पंच निवडायला आले होते तात्यासाहेब, इंग्रजीचे रिटायर प्रोफेसर. सर किती वर्षं ह्या एका संधीची वाट बघत होते.

माईकवर आपली उमा. कॉन्व्हेंटची ना ती! ठसक्यात म्हणली, "लक्ष्मणसरांनी मॅच किती सुंदर मॅनेज केली!"

झालं! सिल्लोडचा कॅप्टन कारभारी उडी मारून स्टेजवर. "ऐकलं का रे? मॅनेज केली! मॅडम सोताच्या तोंडानं बोलल्या!"

मागून कुणीतरी, "कितने में हुआ, सर?"

उमाच्या घरात मॅनेज म्हणजे नीट पार पाडणं. मैदानात मॅनेज म्हणजे पैसे खाऊन निकाल आधीच ठरवणं!

तात्यासाहेबांनी माईक घेतला. उमाला वाटलं, सुटले. तर ते शब्दाचं मूळच सांगत बसले! "मित्रांनो, हा शब्द इटलीतून आला. घोडा काबूत ठेवणं, असा अर्थ. आणि त्याच्याही मुळाशी आहे हात..."

"हात ओले केले! प्रोफेसर बी कबूल!" एक खुर्ची आली की उडत!

उमा ओरडली, "अहो, सांभाळली म्हणायचं होतं मला!"

"सांभाळलं? कुणाला, फुलंब्रीला?"

कारभारीनं सरांची कॉलर धरली. "मॅडम, मॅच सरळ झाली असंल तर म्हणा माईकवर, मॅनेज नाय केली. नायतर ह्यांना इथंच आडवं करतो."

उमा तोंड उघडणार, तर तात्यासाहेब कानाशी, "जपून बोला. मॅनेज केली नाही म्हणजे मॅच ह्यांच्या हाताबाहेर गेली. असला पंच मी राज्याला नेणार नाही."

केली म्हणावं तर सर चोर. नाय म्हणावं तर सर नालायक! तिनं सरांकडं बघितलं. ते नुसते शिट्टी मुठीत आवळून उभे. तेवढ्यात कॉलर टर्रकन फाटली, आन् उमा म्हणली, "नाही केली."

काय टाळ्या! कारभारीनं हात काढला. तात्यासाहेबांनी सरांचं नाव न लिहिताच पेनाला टोपण लावलं. सरांनी शिट्टी गळ्यातून काढली, उमाच्या हातावर ठेवली आन् निघून गेले.

आता सांग, तिच्या जागी तू असतीस, तर काय म्हणली असतीस गं?