पॉलिश बाकी आहे

सुताराला गल्लीत सगळे खुसपटराव म्हणत, आणि उगीच म्हणत नसत. समोर काहीही आलं की हा आधी त्यातली खोट काढणार. बायकोचा चहा पाणचट, शर्टाची घडी तिरकी. गिऱ्हाईक घाईला आलं तर ठरलेलं उत्तर, "अजून पॉलिश बाकी आहे." चांगलं तो एकदाच बोले. कपाट टेम्पोत चढलं की त्यावर दोनदा थाप मारून म्हणे, "छान झालंस हो." मग त्या कपाटाचं तोंड काही पुन्हा दिसत नसे. हे बायको लग्नापासून बघत आली होती.

तिच्या पित्ताशयात खडे झाले. साधं ऑपरेशन, डॉक्टर म्हणाले. स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी आलं आणि या शहाण्याला नेमकं तिथे भरून आलं. त्याने तिच्या खांद्यावर दोनदा थाप मारली. "छान आहेस हो तू."

ती पांढरीफटक पडली. तसंच तिला आत नेलं.

भूल चढते न चढते तोच रक्तदाब कोसळला. ऑपरेशन तिथेच थांबवलं. तपासणीत हृदयाच्या रक्तवाहिन्या साफ निघाल्या, पण हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगून ढिलं पडलं होतं.

"जबर धसका घेतला की होतं असं," भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "हळूहळू सावरेल. पण मावशी, धसका कशाचा घेतलात?"

"यांनी माझं कौतुक केलं. म्हटलं, निघाला आपला टेम्पो!"

डॉक्टरीणबाईंनी सुताराकडे पाहिलं. "पुढच्या वेळी जीभ आवरा."

आपल्याच जिभेने बायको घालवली असती, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. तिचं हृदय सावरलं, खडे मात्र होते तिथेच होते. पुन्हा स्ट्रेचर, पुन्हा तेच दार. तिची नजर त्याच्या हातांवर खिळलेली. त्याने हात पाठीमागे घट्ट धरले.

"केस बघ केवढे विस्कटलेत," तो म्हणाला. "रंगही उडालाय. अजून पॉलिश बाकी आहे तुझं. अशी नाही मी पाठवायचा."

"जळलं मेलं तुमचं पॉलिश!" म्हणत ती हसत आत गेली.

तो बाहेरच्या बाकावर बसला. बाकाचा एक पाय डुगडुगत होता. पण त्याची नजर दारावरून हलली नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "झालं नीट. शुद्धीवर आल्यात, तुम्हाला विचारतायत."

खुसपटराव ढसाढसा रडला. मग बाहीने तोंड पुसून उठला आणि बाकाचा पाय हलवून बघत म्हणाला, "कुठल्या गाढवाने केलंय हे काम?"