टाचेखालची उशी

मी एक जुनी उशी आहे. दिसायला बेताची, पण वजनाला भारी. पहिल्यांदा उचलणारा माणूस हमखास विचारतो, आत दगड भरलेत की काय? दगड नाहीत, मित्रांनो. माझ्या पोटात कापडाची कात्रणं आहेत. माझ्याकडून एकदा एक मोठी चूक झाली. ती कशी झाली आणि मग ती कशी निस्तरली, ते तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरात झाला. पुढच्या खोलीत दुकान आणि पडद्यामागे राहायची खोली. शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात. मास्तर उभं राहून कापड बेतायचे, मशीनवर शिवायचे. त्यांची बायको काजं करायची, बटणं लावायची, हातशिलाई घालायची. मी त्यांना बाई म्हणते. दिवसभर मान खाली घालून काम केल्यामुळे बाईंची पाठ धरायची. म्हणून त्यांनी एकदा बेतायच्या टेबलाखालची कात्रणं गोळा केली. शाळेच्या गणवेशाची होती, कोटाच्या अस्तराची होती, कुणाच्या तरी लग्नातल्या झग्याचीही होती. त्यांनी ती बारीक केली, जाड कापडाची खोळ शिवली आणि ठासून भरली. मास्तर म्हणाले, ही उशी की पोतं? बाई म्हणाल्या, "तुम्ही टाकलंत, मी भरलं. तक्रार कसली करता?"

त्यानंतर अकरा वर्षं मी बाईंच्या पाठीशी होते. कापसाच्या उश्या वर्षभरात चपट्या होतात. मी तसूभरही दबले नाही. शेजारचा इस्त्रीवाला दुपारी गप्पा मारायला यायचा आणि बाई उठल्या की माझ्यावर डोकं टेकून पाच मिनिटांत घोरायला लागायचा. या घरात कामाची वस्तू एकच, असं तो मास्तरांना ऐकवून म्हणायचा.

मग बाई आजारी पडल्या. दवाखान्यात जाताना त्यांनी मला बरोबर नेलं. परत मी एकटीच आले.

मास्तरांनी मला कपाटात वर ठेवून दिलं. तीन वर्षं मी तिथेच होते. कपाटाच्या फटीतून मला दुकानातले आवाज यायचे. पूर्वी जेवायच्या वेळेला मशीन थांबायचं. आता ते थांबेनासं झालं. मास्तरांचा उजवा गुडघा आधीपासून झिजलेला होता. डॉक्टरांनी बदलायला सांगितलं होतं आणि बाईही मागे लागल्या होत्या. पण पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत मास्तरांनी वर्षं काढली. शेवटी एक दिवस बेतता बेतता त्यांचा पाय असा मुडपला की हातातली कात्री एकीकडे आणि मास्तर दुसरीकडे. तेव्हा कुठे ते शस्त्रक्रियेला तयार झाले.

त्यांची लेक दीड महिन्याची रजा काढून आली. ती बोलायला गोड, पण बापासारखीच हट्टी. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की रजा संपेपर्यंत बाबा टेबलापाशी उभे राहून एक कोट बेतू शकले तर दुकान चालू राहील. नाही जमलं तर दुकानाला कुलूप लावून त्यांनी तिच्याकडे राहायला यायचं. मास्तर वाद घालत बसले नाहीत. "बेतून दाखवतो," एवढंच म्हणाले.

शस्त्रक्रिया नीट झाली. पाचव्या दिवशी मास्तर वॉकर धरून घरी आले. पलंगावर आडवे झाले तेव्हा त्यांचा पाय थरथरत होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला. लेकीला ते बघवेना. ती इकडेतिकडे शोधू लागली आणि कपाट उघडल्यावर तिला मी दिसले. तिने मला झटकलं, अलगद मास्तरांच्या गुडघ्याखाली सरकवलं. मास्तरांनी डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला.

मित्रांनो, तीन वर्षांनी मला कुणीतरी हात लावला होता. माझ्यावर पाय ठेवला की मास्तरांची कळ थांबते, हे बघून मला धन्य वाटलं. ते जेवायला बसायचे तेव्हा मी गुडघ्याखाली, झोपायचे तेव्हाही मी गुडघ्याखाली. मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओ मॅडम घरी येऊ लागल्या. मॅडम येण्याच्या वेळेला मास्तर ताठ बसून असायचे आणि मला लेकीने आवरून ठेवलेलं असायचं. त्यामुळे पहिल्या दोन खेपांना मी काही त्यांच्या नजरेला पडले नाही. तिसऱ्या खेपेला मॅडम लवकर आल्या. मला बघून त्यांनी विचारलं, ही केव्हापासून आहे इथे? लेक कौतुकाने म्हणाली, पहिल्या दिवसापासून. मॅडमनी कपाळाला हात लावला.

त्यांनी समजावून सांगितलं ते मीही ऐकलं. नवा गुडघा वाकलेला ठेवला की बरं वाटतं, म्हणून माणूस तो वाकलेलाच ठेवतो. मग आजूबाजूचं मांस आणि शिरा तशाच आखडतात आणि पाय कायमचा वाकडा राहतो. वाकड्या पायावर फार वेळ उभं राहता येत नाही. मांडी भरून येते, कंबर जाते, दुसरा गुडघाही झिजतो. एक वेळ वाकवणं मागाहून वाढवता येईल, पण सरळ होणं हातचं जाऊ द्यायचं नाही. गुडघ्याखाली उशी अजिबात नको.

मला परत कपाटात वर टाकलं. मला रागही आला आणि भीतीही वाटली. ज्याला मी आराम समजत होते, तो या माणसाचा पाय वाकडा करत होता.

पण मास्तर ऐकतील तर ते मास्तर कसले. दुपारी लेक बाहेर गेली की ते वॉकर ढकलत कपाटापाशी यायचे आणि काठीच्या मुठीने मला खाली ओढायचे. लेक यायच्या आत परत वर. इस्त्रीवाल्याने एकदा त्यांना रंगेहाथ पकडलं. तो म्हणाला, "लोकांचा गुडघा वाकत नाही म्हणून लोक रडतात. तुझा सरळ होत नाही. जन्मभर तू तरी कधी सरळ होतास म्हणा." मास्तर हसले, पण त्यांनी मला काही सोडलं नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी कोन मोजायच्या पट्टीने गुडघा मोजला. काडीइतकाही फरक नव्हता. उशी घेता का, असं त्यांनी विचारलं. मास्तर म्हणाले नाही. मॅडमनी लेकीकडे पाहिलं, लेकीने बापाकडे, आणि मास्तरांनी भिंतीकडे.

मग मास्तरच उखडले. तुमच्या त्या प्लास्टिकच्या पट्टीवर माझा विश्वास नाही, म्हणाले. चाळीस वर्षं मी मापं घेतोय, माणूस दारात उभा राहिला की मला त्याची छाती कळते, माझा पाय मला कळत नाही होय?

मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी मास्तरांच्या गळ्यातली टेप काढून त्यांच्याच हातात दिली. म्हणाल्या, "काका, तुम्हीच मोजा. पाय लांब करा आणि गुडघ्याच्या मागे गादीपासून किती फट राहते ते बघा."

मास्तरांनी पाय लांब केला, होईल तेवढा दाबला आणि वाकून टेप धरली. लेकीने दुसरं टोक धरलं. फट दीड इंच भरली. मास्तरांनी परत मोजलं. परत दीड इंच.

"कोटाच्या बाहीत दीड इंच चुकलं तर काय होतं?" मॅडमनी विचारलं.

मास्तरांनी टेपवरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाले, "कोट वाया जातो."

मास्तरांनी टेप गुंडाळून ठेवली आणि काठीने कपाटाच्या वरच्या खणाकडे दाखवलं. खाली मान घालून त्यांनी सगळं कबूल केलं. मग म्हणाले, "बायकोनं केलेली उशी आहे, मॅडम. तिच्या हातचं मला वाईट करेल असं मनातच आलं नाही."

मॅडम उठल्या आणि त्यांनीच मला खाली काढलं. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर टाकणार. त्या म्हणाल्या की गुडघा सरळ करायला एरवी त्या टॉवेलची गुंडाळी करायला सांगतात, पण ही उशी दबत नाही, हीच चालेल. मग त्यांनी मला मास्तरांच्या टाचेखाली ठेवलं. टाच उंचावर आणि गुडघा अधांतरी. आता गुडघ्याला खाली टेकू नव्हता. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली यायला लागला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. मॅडम म्हणाल्या, "उशी घरातच राहू दे, काका. फक्त जागा बदला. दहा मिनिटं ठेवायची, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि अधूनमधून मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा."

मित्रांनो, आयुष्यभर मी माणसांना आराम दिला होता. आता मला दुखवायचं काम मिळालं. मास्तरांची टाच माझ्यावर थरथरायची आणि ती कळ माझ्या कात्रणांपर्यंत पोहोचायची. मला वाटायचं, थोडं दबावं, थोडं सैल पडावं, म्हणजे यांना बरं वाटेल. पण मी दबले तर पाय वाकडा राहणार हे आता मला कळलं होतं. मी घट्ट राहिले.

दहा मिनिटं म्हणजे किती, हा मास्तरांना प्रश्न पडायचा. घड्याळाकडे बघत बसलं की काटा हलत नाही. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. भिंतीला टेकून पाय लांब करायचा, टाच माझ्यावर ठेवायची आणि मांडीवर एखादा शर्ट घेऊन काजं करायची. हाताने दोन काजं होईपर्यंत टाच उचलायची नाही. बाई गेल्यापासून काजांचं काम ते बाहेर द्यायचे. त्यांना ते कधीच जमलं नव्हतं. पहिली काजं उंदराने कुरतडल्यासारखी झाली. इस्त्रीवाल्याने शर्ट उजेडात धरून विचारलं, यातून बटण जाणार की गिऱ्हाईक? मास्तर म्हणाले, पाय सरळ होईपर्यंत काजंही सरळ होतील, तू बघत राहा. त्यांनी ती उसवली आणि परत केली.

काही दिवस फार वाईट गेले. एकदा गुडघा परत सुजला. मास्तरांनी पाय खाली सोडून दिला आणि नको म्हणाले. लेकीने बर्फ लावला. तासाभराने मास्तरांनी स्वतःच मला जवळ ओढलं. दुसऱ्या दिवशी फट एक इंच भरली. आठवड्याने पाऊण. मास्तर रोज सकाळी टेपने मोजायचे आणि पलंगाच्या कठड्यावर खडूने आकडा लिहायचे. ज्या दिवशी आकडा हलायचा नाही, त्या दिवशी एक खेप जास्त.

लेकीची रजा संपायला दोन दिवस होते तेव्हा मॅडमनी गुडघ्याखाली कापडाची एक पट्टी ठेवली आणि मास्तरांना दाबायला सांगितलं. लेकीला म्हणाल्या, आता ओढ. लेकीने ओढली. पट्टी हलली नाही. तिने दोन्ही हातांनी ओढली. मास्तरांचे दात आवळलेले, मान ताठ. पट्टी तिथेच. लेक ओढता ओढता हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर काठी न घेता दुकानात गेले. पडदा सरकवलेला होता, म्हणून मला पलंगावरून दिसत होतं. लेक खुर्ची घेऊन त्यांच्या मागे उभी राहिली. मास्तरांनी कापड पसरलं, खडूने खुणा केल्या. पाठ झाली, पुढची दोन पानं झाली. बाह्यांपाशी त्यांनी एकदा दोन्ही हात टेबलावर टेकले. लेकीने खुर्ची पुढे सरकवली.

"खुर्ची ने तिकडे," मास्तर म्हणाले.

लेकीने ती नेली. कात्री परत चालू झाली आणि कोट पुरा होईपर्यंत थांबली नाही. लेक म्हणाली, "ठीक आहे, बाबा. दर रविवारी फोन करीन आणि फट किती ते विचारीन. खोटं सांगायचं नाही." मास्तरांनी मान हलवली. मग तिने आत येऊन आपली बॅग भरायला घेतली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी आजारातून उठत असेल तर त्याच्यावर माया जरूर करा. पण ती कुठे ठेवायची हे आधी जाणत्या माणसाला विचारून घ्या. चुकीच्या जागी ठेवलेल्या मायेने एक पाय कसा वाकडा होत चालला होता, ते मी जवळून पाहिलं आहे. आणि आजारी माणूस तुम्ही असाल तर दुखतं म्हणून टाच उचलू नका.

मास्तरांच्या गुडघ्याखाली मॅडमना आता फट दिसत नाही. मास्तरांना दिसते. इंचाच्या आठव्या भागाला शिंपी सूत म्हणतात. पट्टी निघत नाही ते मी दाबतो म्हणून, सैल सोडला की अजून एक सूत बाकी आहे, असं मास्तरांचं म्हणणं आहे. म्हणून ते दुकानातून आले की भिंतीला टेकून बसतात, मला पुढे ओढतात आणि टाच वर ठेवतात.