अर्धवट टाकलेली कात

संग्रहालयात तिला सगळे चिमटी म्हणत. चण बारीक आणि हातात सतत बारीक टोकांचा चिमटा. नाव पडायला एवढं पुरे झालं. समुद्रतळाच्या गाळातून आलेले बारके कवचधारी जीव ओळखायचे, त्यांची चित्रं काढायची आणि कोण कुणाचा भाऊबंद ते ठरवायचं, हे तिचं काम. हे जीव झिंग्यांच्या दूरच्या नात्यातले, पण तांदळाच्या दाण्याच्या निम्मेच. गाळाची नळी करून तीत राहणारे.

त्यांतल्या दोन जाती तिच्या सरांनी शोधल्या होत्या. पहिलीचे पुढचे पंजे इवलेसे, जबडे भक्कम. दुसरी चार वर्षांनी सापडली: पंजे जवळजवळ डोक्याएवढे, मिशा लांब आणि जबडे जवळपास नाहीतच. एवढा फरक पाहून सरांनी तिला निराळ्या वंशात घातलं आणि बायकोचं, म्हणजे काकूंचं, नाव दिलं. निवृत्तीनंतरही घरी कुणी आलं की सर ही हकीकत सांगत, आणि ऐकून ऐकून कान किटलेल्या काकू आत निघून जात.

एका मंगळवारी चिमटी पहिल्या जातीची बाटली तपासत होती. एक मादी भिंगाखाली घेतली, तर तिची कात पाठीवर उकललेली. कात टाकता टाकताच ती जाळ्यात आली असावी. चिमटीनं सुईनं कात अलगद बाजूला सारली. जुन्या इवल्या पंज्याच्या आत, घडी घालून कोंबल्यासारखा, एक मोठा पंजा होता. कातीला जबडे होते, आतल्या नव्या अंगाला नव्हते. पोटाखाली अंडी सांभाळायच्या पिशवीच्या खुणा अजून शिल्लक होत्या. मादीचा नर होत होता, आणि तो नर म्हणजे सरांची दुसरी जात होती.

तिनं सुई खाली ठेवली. मग दोन्ही जातींच्या सगळ्या बाटल्या काढल्या आणि चार दिवस एकेक जीव पाहिला. पहिल्या जातीत एकही नर नव्हता, दुसरीत एकही मादी नव्हती.

नियम साधा होता. एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं राहतं. म्हणजे काकूंचं नाव जाणार. तिनं लेख लिहिला आणि दोन आठवडे खणात ठेवला. काय करावं ते सुचेना. शेवटी तो नमुना, लेख आणि लहान सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून ती सरांच्या घरी गेली.

सरांची नजर आता अधू झाली होती. भिंगाला डोळा लावून त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. "मला धुकं दिसतंय. तू सांग. पोटाखालचे पोहायचे पाय किती जोड्या?"

"पाच."

"दोघांत?"

"दोघांत, सर."

"शेपटीकडच्या शेवटच्या पायांचे सांधे?"

"मोजलेत. सारखेच आहेत."

"आणि जबडे? जबडे नसलेला प्राणी जगतो कशावर?"

"फार जगत नाही, सर. खातच नाही. मादी शोधतो आणि मरतो."

सरांनी सूक्ष्मदर्शक बाजूला सारला. मग जरा तुटकपणे म्हणाले, "एका नमुन्यावरून बोलतेस. कागद ठेव आणि ये तू."

दारात काकू हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना वेळ लागतो."

पुढच्या आठवड्यात सर स्वतःच संग्रहालयात आले. काकूंनी कोपराला धरलं होतं. सरांनी काखेतली जुनी वही टेबलावर ठेवली. "सतरावं पान वाच. मोठ्यानं."

सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'दोघे एकाच नळीत सापडले. हा पहिलीचा नर तर नव्हे? तपासणे.'

"तपासलं नाही मी," सर म्हणाले. "ही तेव्हा दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. हिला छापलेलं नाव दाखवायचं, एवढंच डोक्यात होतं. घाई केली. मग ही बरी झाली, आणि पुन्हा ती बाटली उघडायचा मला धीर झाला नाही."

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी वहीतली ती ओळ स्वतः वाचली. मग चिमटीकडे वळल्या. "म्हणजे ज्याला माझं नाव दिलं, तो बाप्या होता?"

"आधी बाई होता, काकू. मग बाप्या झाला."

"आणि त्याला तोंड नाही?"

"नसल्यातच जमा."

"तरीच," काकू म्हणाल्या. "ह्यांनी मनातलं बरोबर छापून घेतलं."

सर हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मला सांगायचंत तरी," त्या म्हणाल्या. "नाव नसतं छापलं तरी मी बरी झालेच असते."

"ते तेव्हा कुठं माहीत होतं," सर म्हणाले. जाताना त्यांनी चिमटीला बजावलं, "वहीतली ओळ लेखात घाल. तारखेसकट. शंका आली होती, हे कळू दे लोकांना."

लेख पाच महिन्यांनी छापून आला. सरांना वाचता येणार नव्हतं, म्हणून चिमटी रविवारी सकाळी घरी गेली आणि वाचायला बसली. काकूही येऊन बसल्या. दुसऱ्या पानावर जातीचं खरं नाव होतं आणि त्याखाली, बारीक अक्षरांत, रद्द झालेलं नाव. तिथं ती थांबली.

"वाच की," सर म्हणाले.

तिनं वाचलं.

"पुन्हा एकदा वाच," काकू म्हणाल्या.

तिनं पुन्हा वाचलं, आणि मग पंज्यांच्या वर्णनाकडे वळली.